एकात एक चार टिपा

आत्या तोंडात टाचण्या धरून बोलायची. पाच-सहा टाचण्या ओठांत आणि वर अखंड बडबड. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, आता गिळणार ही. जुन्यांना सवय होती. "हात वर. आणखी वर. पोट आत ओढू नका हो, मला माप हवंय, फोटो नाही काढायचा." हे सगळं टाचण्यांच्या फटीतून.

जिन्याखालची लांबट खोली हे तिचं दुकान. पुढे काच, काचेमागे बिनडोक्याचे दोन पुतळे, एक जाड आणि एक बारीक. मधे कापड बेतायचं टेबल, दोन मशिनं, कोपऱ्यात पडद्याआड कपडे घालून बघायची जागा. मागच्या दाराशी काजू बसायची. काजू म्हणजे काज-बटणं करणारी बाई, साठी ओलांडलेली. काज करते म्हणून आत्याने तिला काजू म्हटलं आणि मग सगळ्या गल्लीनेच. ती आत्याला मास्तरीण म्हणायची. दोघींचं दिवसभर चालायचं.

"मास्तरीण, हा कोट कोणाचा?"

"बँकेतल्या साहेबांचा."

"मग सहा बटणं कशाला? खालची तीन त्यांना पोटामुळे दिसायचीच नाहीत."

"गप. बोटात सुई जाईल."

माप शिळं होतं, असं आत्याचं म्हणणं. महिन्यापूर्वी मोजलेला माणूस पुन्हा आला तरी ती टेप गळ्यातून काढायची, पुन्हा मोजायची, वहीत जुन्या आकड्याशेजारी नवा लिहायची. एका माणसाचं माप मात्र त्या वहीत कधीच नव्हतं. तिचं स्वतःचं. स्वतःचे कपडे ती अंगावरच चिमटीत धरून सारखे करायची. टोचलं तर म्हणायची, "शिंप्याची कातडी आहे, शिवून घेऊ."

तिच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, उन्हाळा उतरताना, ते सुरू झालं.

दुपारी अडीचची वेळ. काजू बटणं आणायला बाजारात गेलेली. आत्या एकटी, अस्तर लावत होती. डोक्यावरच्या जिन्यावरून कोणीतरी उतरू लागलं. धप. धप. धप. अनवाणी, जड, पण घाईत. पावलं खाली येतात, काचेपुढून एक माणूस जातो, हे तिला इतक्या वर्षांत इतकं पाठ झालेलं, की तिने मान वर केली आणि काचेकडे बघत राहिली. कोणी गेलं नाही. पावलं तर चालूच. तिने मशिन थांबवलं. बाहेर येऊन जिना बघितला. वरपर्यंत रिकामा. पायरीवर ऊन पडलेलं.

वरच्या मजल्यावरचं कोणीतरी असेल, म्हणून तिने तो दिवस काढला. पण मग पावलं घरीही आली. तिचं घर बैठं होतं. जिना नव्हताच.

माझं तेव्हा कॉलेजचं शेवटचं वर्ष. कॉलेज सुटलं की मी दुकानात इस्त्री करायला बसायची. मला जे दिसत होतं ते वेगळंच. पंखा सदान्‌कदा पाचवर. काजू शाल पांघरून बसायची आणि आत्याच्या मानेवरून घाम. भूक तर अशी, की स्वतःचा डबा संपवून ती काजूच्या डब्यात बोट घालायची.

"मास्तरीण, पोटात कोण बसलंय?"

"तू बस आत. बघून ये."

खाते-पिते म्हणजे प्रकृती ठीक, असं आम्ही धरून चाललो. पण हात बिघडले. सुईत दोरा ओवायला तिला मी लागायला लागले. "चष्म्याचा नंबर वाढलाय," ती म्हणायची. एका दुपारी शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा कोट जोडायला घेतला आणि आत्या गप्प झाली. टेबलावर दोन बाह्या. दोन्ही डाव्या. तिने त्या उलटून बघितल्या, सुलटून बघितल्या, जणू एक तरी शरमेने उजवी होईल. मग कात्री भिंतीवर फेकली. आत्याने! जी कात्री आम्हाला कागद कापायलाही द्यायची नाही.

आवाज ऐकून पहिल्या मजल्यावरच्या काकू डोकावल्या. सगळं बघून त्यांनी मान हलवली.

"वय झालं गं तुझं. बायकांचं असंच होतं या वयात. वाफा निघतात अंगातून. मी तर नवऱ्यावर पातेलं फेकलं होतं. मग गेलं आपोआप."

"कोण, नवरा?" काजूने विचारलं.

"चिडचिड गं! नवरा बसलाय वर पेपर वाचत."

आम्ही हसलो. आत्या हसली नाही. ती काजूच्या डोक्यावरून मागच्या दाराबाहेर बघत होती. तिथे कोणी नव्हतं.

दोन आठवड्यांनी मी दुकानात आले तर काचेचं दार आतून बंद. दाराला खुर्ची लावलेली.

"कोण?" आतून आवाज.

"मी."

"मी कोण?"

"आत्या, मी आहे. उघड ना."

"एकटी आहेस?"

"नाही, बँड घेऊन आलेय. उघड!"

खुर्ची सरकली. मी आत गेले आणि तिने ती पुन्हा लावली. काजूला तिने घरी पाठवलेलं. दोन्ही पुतळे भिंतीकडे तोंड करून ठेवलेले. म्हणजे तोंड नव्हतंच त्यांना, पण छाती भिंतीकडे.

"हे असे का?"

"बघतात."

"डोकंच नाही त्यांना, आत्या."

"माहितीये मला. मीच आणलेत ते." ती टेबलाच्या कडेला बसली, उठली, परत बसली. "ऐक."

"काय ऐकू?"

"हळू बोल. चालतंय."

मी ऐकलं. पंख्याची घरघर, रस्त्यावर कोणाची तरी सायकलची घंटा. बाकी काही नाही. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं, की मला ऐकू येत नाही. मी तिचा चेहरा असा पडलेला कधी बघितला नव्हता.

"आईसारखंच," ती म्हणाली.

आजी तापाने गेली, असं मला सांगितलेलं. त्या दुपारी आत्याने, दाराला खुर्ची लावून, खरं सांगितलं. ती स्वतः एकोणीस वर्षांची आणि बाबा बारा वर्षांचे असताना आजीला घरात कोणीतरी चालताना ऐकू यायला लागलं. ती एका जागी बसेना. झोपेना. घरातलं सगळं खायची आणि दाराला खुर्च्या लावायची. भिंतीला कान लावून भिंतीशी बोलायची, "येऊ नकोस, मुलं आहेत घरात." आजोबा दिवसभर कारखान्यात. त्यांना हे बाबांनी सांगितलं, शाळेतून आल्यावर, घाबरून. आठवड्याने एक गाडी आली. शहराबाहेर वेड्यांचं मोठं इस्पितळ होतं. आजी तिथे चौदा महिने होती. परत आली नाही.

"आता कळलं? सांगितलं म्हणून नेलं तिला," आत्या म्हणाली. "तू कोणाला सांगायचं नाहीस."

"डॉक्टरांना तरी दाखव."

"नेणारे डॉक्टरच होते, बाळा." तिने माझं मनगट धरलं. तिचे हात गरम होते आणि आतून बारीक थरथरत होते, मशिन चालू असताना टेबल थरथरतं तसे. "मला तिथे जायचं नाही. इथे बसून मरेन, पण तिथे नाही. शपथ घे."

मी शपथ घेतली. पाच आठवडे पाळलीही. त्याला काय म्हणावं, मला आजही सुचत नाही.

सोडवलं ते काजूने. तिला शपथेतलं अक्षरही माहीत नव्हतं. तिच्या मनात आलं, मास्तरीण सगळ्या गावाचे कोट शिवते, तिला एक आपण शिवू. गुपचूप. माप मागितलं असतं तर आत्याने जन्मात दिलं नसतं. म्हणून काजूने खुंटीवरचा तिचा जुना राखाडी झगा पिशवीत घातला, मापाला म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती आमच्या घरी. चप्पल न काढता आत.

"खिडकीपाशी ये," मला म्हणाली आणि झगा उलटा केला.

शिवणीच्या आत थोडं कापड राखून ठेवतात, पुढेमागे कपडा सैल करायला. त्याला माया म्हणतात. आत्याच्या झग्याला ती कडेला बोटभर असायची. इथे ती चांगली तीन बोटं होती.

"ही टीप बघ. धागा विटलेला. ही पहिली, शिवला तेव्हाची. आता ही. अर्ध्या बोटाने आत. ही तिसरी, आणखी आत. आणि ही बघ." तिने नखाने दाखवलं. "हा धागा कोरा आहे. हे रीळ मी गेल्याच आठवड्यात फोडलं."

एकात एक चार टिपा. दोन्ही बाजूंना.

"म्हणजे काय, काजू?"

"म्हणजे मास्तरीण आटतेय! आणि कपडा मात्र रोज अंगावर बेतल्यासारखा. आपण बघतो तो कपडा गं. बाई कुठे बघतो?"

दुसऱ्या कोणाचेही कपडे अंगावर लोंबले असते. शेजारीण म्हणाली असती, वाळलीस की. आत्याचे कपडे कधीच लोंबले नाहीत. सैल लागलं की हात आपोआप टीप मारायचा, कपडा सैल का झाला हे तिने विचारलंच नाही. आणि आम्हाला दिसलं नाही.

आम्ही दोघी दुकानात गेलो. काजूने झगा टेबलावर आपटला.

"हे काय आहे?"

"माझा झगा चोरलास?"

"चार टिपा कशाला?"

"कापड ढिलं पडलं. धुऊन धुऊन."

"धुऊन कापड आटतं, मास्तरीण. ढिलं पडत नाही. हे तुम्हीच शिकवलंत मला." आणि काजूने आत्याच्याच गळ्यातली टेप काढली. "हात वर."

"वेडी आहेस का?" आत्या म्हणाली आणि तो शब्द तोंडातून गेल्यावर स्वतःच दचकली.

"हात वर. पोट आत ओढायचं नाही."

दुकानाच्या सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा आत्या टेपच्या आत उभी होती. काजू आकडे सांगत होती, मी लिहीत होते. ताडून बघायला काजूने झग्यातली सगळ्यात जुनी टीपही मोजली. छाती तीन इंच कमी. कंबर साडेचार. दंड दोन. आत्या टाचण्या नसतानाही ओठ मिटून उभी. मग काजूने टेप मानेभोवती घेतली, झग्याच्या बंद गळ्यावर घेतली, परत मानेवर. थांबली.

"गळा पाऊण इंच जास्त."

"चुकलीस. परत घे."

"दोनदा घेतलं."

"दे इकडे." आत्याने टेप ओढून घेतली, आरशासमोर गेली, स्वतःच्या मानेला लावली. बराच वेळ आकड्याकडे बघत राहिली. माणसांशी ती हवी तितकी भांडायची. मापाशी कधी भांडली नव्हती.

"सगळं आटलं आणि गळा कसा वाढला?" तिने विचारलं. आम्हाला नाही, आरशाला.

ती डॉक्टरकडे यायला तयार झाली, पण एका अटीवर. मला बाजूला घेऊन म्हणाली, "अंगाचं सांगेन. पावलांचं नाही. तूही नाही."

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या मुलीसारख्या दिसत होत्या, केस वर बांधलेले, बोलणं संथ. त्यांनी आत्याला हात पुढे करायला सांगितले, बोटं पसरून, आणि बोटांवर एक साधा कागद ठेवला. कागद फडफडायला लागला. खोलीत पंखा नव्हता.

मग पाण्याचा पेला दिला. "घोट घ्या." आत्याने घोट घेतला आणि डॉक्टर तिच्या गळ्याकडे बघत राहिल्या. बोटांनी चाचपलं. मनगट धरलं, घड्याळाकडे बघितलं.

"एकशे अठरा. तुम्ही जिना धावत आलात का?"

"तळमजला आहे हा."

"माहितीये." डॉक्टर हसल्या नाहीत. "भीती वाटते? काही कारण नसताना?"

आत्याने पेला टेबलावर ठेवला.

"मागे कोणीतरी आहे असं?"

आत्याने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरणार नाही.

"मी काही सांगितलं नाही!" मी म्हणाले.

"तिने नाही सांगितलं. तुमची नाडी सांगतेय. डाव्या कुशीवर उशीला कान लावून पडलात तर जास्त ऐकू येतं?"

"काय जास्त ऐकू येतं?" आत्याचा आवाज एवढासा झाला.

"तुम्ही सांगा."

"पावलं," आत्या म्हणाली.

डॉक्टरांनी आपल्या गळ्यातली तपासायची नळी काढली, आत्याच्या कानांत घातली, दुसरं टोक आत्याच्याच छातीवर धरलं.

"ही का?"

आत्या ऐकत राहिली. मला काहीच ऐकू येत नव्हतं, पण तिच्या पापण्या कशावर हलत होत्या ते दिसत होतं. जड, अनवाणी, घाईत.

"हीच," ती म्हणाली. "हीच. पण ही जिन्यावर होती."

रक्ताचा रिपोर्ट चार दिवसांनी आला. गळ्यात एक ग्रंथी असते, थायरॉइड. तिच्यातलं हार्मोन अंगाचा वेग ठरवतं. आत्याच्या अंगात ते भलतंच जास्त झालं होतं. डॉक्टर समजावून सांगत होत्या, घाम, भूक, वजन, हाताचा कंप, सगळं त्यातूनच. आणि भीतीसुद्धा.

"म्हणजे मशिनच्या पायपट्टीवर कोणीतरी पाय दाबून धरलाय," काजू म्हणाली. ती न बोलावता आली होती.

"तसंच. अंग धावतंय. मनाला वाटतं, धावतंय म्हणजे मागे कोणीतरी असणार. मग मन ते कोणीतरी शोधतं."

"पण सगळे म्हणाले, वय आहे म्हणून," मी म्हणाले.

"पाळी जाताना हार्मोन खाली-वर होतात, त्यानेही बायकांना घाबरल्यासारखं होतं. बाळंतपणानंतर होतं. पुरुषांनाही होतं, थायरॉइडने, किंवा त्यांचं पुरुषी हार्मोन उतरलं की. प्रत्येक भीती रक्तातच सापडते असं नाही. पण रक्त बघितल्याशिवाय वयावर ढकलू नये."

आत्याचं लक्ष तिथे नव्हतं. "हे आईकडून येतं का?" तिने विचारलं.

"घराण्यात असू शकतं. का?"

आत्याने आजीचं सांगितलं. सगळं. खुर्च्या, भिंत, गाडी. डॉक्टरांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"तपासल्याशिवाय मी काही म्हणू शकत नाही," त्या म्हणाल्या. "आणि आता तपासता येणार नाही."

गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या आठवड्यात धडधड उतरली, बाकीचं हळूहळू, दोन-अडीच महिन्यांत. दोरा तिचा तिला ओवता यायला लागला. मला वाटलं, आता आत्या पहिल्यासारखी होईल. पण पावलं थांबली तशी ती जास्तच गप्प झाली. एकदा मशिनवर बसून मला म्हणाली, "माझी पावलं गेली गं. तिची कोणी थांबवलीच नाहीत. चौदा महिने चालत होती."

मग तिने मापाची वही काढली आणि बाबांना बोलावणं धाडलं.

बाबांबद्दल सांगायला हवं. ते अठरा वर्षं बस चालवत होते. दीड वर्षापूर्वी एका दुपारी नदीवरच्या पुलाच्या मधोमध त्यांनी बस थांबवली. चाळीस माणसं आत. ब्रेक लागतात का बघत होतो, असं ते म्हणाले. पण त्यांना पुढे नेता येईना, दुसरा ड्रायव्हर आणावा लागला. तेव्हापासून ते डेपोत सुटे भाग देण्याच्या खिडकीवर बसायचे. घरी शर्ट काढून पंख्याखाली. आम्ही त्यावर बोलायचो नाही. आमच्या घरी न बोलण्याची रीत जुनी होती.

बाबा दुकानात येऊन स्टुलावर बसले. "काय गं ताई, आता बरी दिसतेस."

"छोट्या, तुझी कॉलर मी दोनदा वाढवली." आत्याने वही पुढे केली. "साडेपंधरा होती. सोळा केली. मग साडेसोळा. आणि पँट तीनदा आत घेतली. माझंच अक्षर आहे. एकाच पानावर आहे. मी दर वेळी मोजलं, लिहिलं, शिवून दिलं आणि काही कळलं नाही मला."

"वय झालं की मान सुटते."

"कंबर सुटते. मान नाही."

"ते बायकांचं असतं, ताई. थायरॉइड-बियरॉइड."

"का? गळा काय फक्त बायकांना असतो?"

काजू खाली मान घालून हसली. बाबा हसले नाहीत. उठले, दारापर्यंत गेले, परत आले.

"मला नाही करायची तपासणी."

"सुईला घाबरतोस?"

"रिपोर्ट चांगला आला तर मी नुसताच भित्रा. ते चालेल मला. दीड वर्ष चालवलंय." त्यांनी बारीक पुतळ्याच्या खांद्यावर हात ठेवला, आधाराला ठेवावा तसा. "वाईट आला तर?"

"तर गोळ्या घ्यायच्या. मी घेते तशा."

"तर आई वेडी नव्हती, ताई. आणि मी सांगितलं होतं."

काजूचे हात थांबले. मी इस्त्री उभी करून ठेवली.

"बारा वर्षांचा होतास तू," आत्या म्हणाली.

"तेरावं लागलं होतं."

"मी एकोणीसची होते. मला दिसत होतं. मी तिचे कपडे..." आत्याने वाक्य तिथेच सोडलं. मग जवळ जाऊन त्यांच्या शर्टाचं वरचं बटण काढलं, लहान मुलाचं काढतात तसं. "गळा मोकळा ठेव. चल. मी येते बरोबर."

बाबांचा रिपोर्ट आला तो जवळजवळ आत्याच्या रिपोर्टासारखाच. त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला. गोळ्या वेळेवर घेतल्या. वजन भरलं, घाम थांबला. डेपोतल्या लोकांनी विचारलं, परत बसवर कधी? ते म्हणाले, बघू. एका सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला म्हणाले, "तुझ्या आत्याला सांग, तयार राहा. तिकडे जाऊन येऊ."

तिकडे म्हणजे कुठे, ते विचारावं लागलं नाही.

इस्पितळाच्या भिंती आता पिवळ्या आहेत. आवारात बाकं आहेत, झाडांना आळी केलेली आहेत. जुन्या नोंदींची खोली तळघरात. तिथल्या क्लार्कबाई चांगल्या होत्या. अर्ज बघितला, अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं साल बघितलं, आणि म्हणाल्या, "मिळेल याची खात्री नाही हं." पाऊण तासाने एक जाड रजिस्टर घेऊन आल्या. धूळ झटकली.

"नातं काय तुमचं?"

"मुलगा," बाबा म्हणाले. एवढा एक शब्द, पण त्यांना दोनदा म्हणावा लागला.

अक्षर लागत नव्हतं म्हणून क्लार्कबाईंनीच वाचून दाखवलं. एकाच पानावर सगळं होतं, तुटक.

"झोप नाही. एका जागी बसत नाही. रुग्ण म्हणते, घरात कोणीतरी चालतं." त्यांनी पुढची ओळ बोटाने शोधली. "भूक उत्तम. मागून जेवते. वजन दर महिन्याला कमी." मग, "नाडी जलद, घाबरल्यामुळे."

बाबांनी डोळे मिटले.

"गळ्याचं काही लिहिलंय?" मी विचारलं.

"गळ्याचं... नाही. काही नाही." त्या खाली सरकल्या. "नववा महिना. अशक्त. कपडे ढगळ झाल्याने दोरीने बांधून दिले."

"दोरीने?" आत्याने विचारलं.

"असं लिहिलंय."

"कुठे बांधली? कमरेला?"

"ते नाही लिहिलेलं हो, बाई."

"म्हणजे, कमरेला बांधली तर एक वेळ ठीक आहे. छातीवर बांधली तर श्वास घ्यायला... झोपताना सोडायचे का ती?" तिची बोटं काउंटरच्या कडेवर फिरत होती, शिवण चाचपत असल्यासारखी. "मला शिवता येत होतं तेव्हा. एकोणीसची होते. एक निरोप दिला असता कोणी. एका दुपारचं काम होतं. दोन्ही बाजूंनी टीप मारायची फक्त."

"ताई," बाबा म्हणाले. "चल."

"पुढच्या पानावर असेल. बघा ना जरा."

क्लार्कबाईंनी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग नाही म्हणवेना म्हणून पान उलटलं. मी आणि आत्या एकदमच वाकलो.

तिथे दुसऱ्याच कोणा बाईची नोंद सुरू होत होती. वय एकतीस. झोप नाही. भूक उत्तम. नाडी जलद, घाबरल्यामुळे.

क्लार्कबाईंनी पटकन त्यावर हात ठेवला. "हे तुमचं नाही," त्या म्हणाल्या.